मातृरोप आणि त्याची लेकरे : स्ट्रॉबेरीच्या रनरपासून नवी रोपे

हिवाळ्याच्या आरंभी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मुंबई-पुण्याप्रमाणे बेंगळुरूच्या बाजारातही येऊन पोहोचते. शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर परिसरात नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. त्यांच्यापैकी काही हौशी मंडळी केवळ फळे विकत घेऊन थांबत नाहीत. रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरीची दोन-चार रोपे आणून ती सज्जातील कुंड्यांतही लावतात. हिवाळाभर या रोपांना थोडीफार फळे येतात. मार्च महिना उलटला की फळे कमी होतात आणि रोपाच्या बुंध्यातून दोऱ्यासारखे बारीक, लांब कोंब बाहेर पडून कुंडीच्या काठावरून खाली लोंबू लागतात. हा रोपाचा निरुपयोगी पसारा आहे, अशा समजुतीने पुष्कळदा ते कापून टाकले जातात. नाहीतर जसे वाढतील तसे वाढू दिले जातात. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

वनस्पतिशास्त्रात या कोंबाला ‘धावते खोड’ असे नाव आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘रनर’ हाच शब्द रुळलेला आहे. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या भागातील स्ट्रॉबेरीची सारी शेती या बारीक दोऱ्याच्या आधारावर उभी आहे. सज्जातील दोन कुंड्या असोत वा दोन एकरांचे शेत असो, नव्या रोपांच्या पैदाशीचा नियम एकच आहे. रनर आपोआप मिळतो. परंतु जसे मातृरोप, तसाच तो निघतो. म्हणून पारख करायची ती रनरची नव्हे, तर ज्या रोपापासून तो घ्यायचा त्या मातृरोपाची.

बी का पेरीत नाहीत?

स्ट्रॉबेरीच्या लाल फळावर जे पिवळसर ठिपके दिसतात, त्यांना सामान्यतः बिया म्हटले जाते. शास्त्रीय दृष्ट्या त्यांपैकी प्रत्येक ठिपका हे एक स्वतंत्र शुष्क फळ असून त्याच्या आत बी असते. जो लाल, रसाळ भाग खाल्ला जातो तो म्हणजे फुलाचे फुगलेले पुष्पासन होय. हे बी पेरल्यास उगवते. तथापि त्यापासून येणारे रोप मूळ वाणासारखेच निघेल याची शाश्वती नसते. लागवडीखालील स्ट्रॉबेरी ही दोन जातींच्या संकरातून निर्माण झालेली असून तिच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे एकूण ५६ गुणसूत्रे असतात. बी तयार होताना या गुणसूत्रांची नव्याने सरमिसळ होते. परिणामी एकाच फळातील शंभर बियांपासून शंभर निरनिराळ्या गुणांची रोपे येऊ शकतात. हापूसची कोय पेरून हापूसच मिळेल असे नसते आणि त्याकरिता कलम करावे लागते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत कलमाचे हे काम निसर्गाने रनरकडे सोपविले आहे.

रनरने पसरणाऱ्या वनस्पती आपल्या अंगणातही आहेत. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा, म्हणजेच शेतकऱ्याला हैराण करणारी हरळी, याच पद्धतीने जमीन व्यापते. तिच्या प्रत्येक पेरापाशी मुळे फुटतात आणि तेथे नवे रोप उभे राहते. केळीच्या बुंध्याशी येणारे मुनवे हाही असाच, बियांवाचून वंश वाढविण्याचा मार्ग होय. अशा रीतीने आलेले नवे रोप हे मातृरोपाची हुबेहूब प्रत असते. त्यात नवे काही मिसळत नाही आणि जुने काही गळत नाही.

रनरची घडण

स्ट्रॉबेरीचे खोड आखूड, जाड आणि जमिनीलगत असते. त्याला ‘क्राऊन’ म्हणतात. सर्व पाने या क्राऊनमधूनच निघतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. दिवस मोठा आणि हवा उबदार असताना या डोळ्यांतून रनर निघतात. दिवस लहान होऊन हवेत गारवा आला की त्यांतून क्राऊनच्या आखूड फांद्या फुटतात आणि क्राऊनच्या शेंड्यांशी फुलांचे घोस धरू लागतात.

रनरचे बारकाईने निरीक्षण केल्यास त्यावर ठरावीक अंतरावर पेरे आढळतात. पहिल्या पेरापाशी सहसा रोप येत नाही. तो डोळा बहुधा निद्रिस्त राहतो. दुसऱ्या पेरापाशी मात्र इवल्या पानांचा झुबका दिसू लागतो. हेच पहिले लेकरू. या बालरोपातून रनर पुन्हा पुढे धावतो, आणखी दोन पेरे टाकतो आणि तेथे दुसरे बालरोप तयार होते. अशी साखळी लांबत जाते. बालरोपाच्या तळाशी मुळांचे बारीक टोचे असतात. ओलसर मातीचा स्पर्श झाला की ते वाढू लागतात. कोरड्या हवेत लोंबकळत राहिले तर वाळून जातात. कुंडीबाहेर लोंबणाऱ्या रनरवरील रोपे पाने असूनही मूळ धरत नाहीत, त्याचे कारण हेच.

मुळे धरेपर्यंत बालरोपाचे पाणी व अन्न रनरमधून, म्हणजे मातृरोपाकडून येत असते. ते स्वतःच्या मुळांवर उभे राहिले की या नाळेचे काम संपते आणि कालांतराने ती आपोआप वाळते. रोपवाटिकेत ती वाळण्याची वाट न पाहता योग्य वेळी कापली जाते.

फळ की रोप?

मातृरोपाच्या पानांत तयार होणारे अन्न मर्यादित असते. ते फळांना द्यावे की रनरना, हा प्रश्न रोपापुढे सदैव असतो. ज्या रोपावर फळे भरपूर, त्यावर रनर दुबळे निघतात. ज्यावर रनरची गर्दी, त्याची फळे लहान व थोडी राहतात. बँकेच्या ग्राहकाला हा व्यवहार सहज उमगेल. एकच रक्कम एकाच वेळी मुदत ठेवीतही ठेवता येत नाही आणि खर्चही करता येत नाही. म्हणून जाणकार शेतकरी दोन्ही कामे एकाच रोपाकडून करून घेत नाहीत. फळांसाठी लावलेल्या रोपावरील रनर निघताच खुडले जातात आणि मातृरोप म्हणून राखलेल्या रोपावरील फुले उमलण्यापूर्वीच काढून टाकली जातात. फुलांनी डवरलेले रोप खुडताना हात कचरतो. परंतु हे केल्याशिवाय जोमदार रनर मिळत नाहीत.

या बाबतीत अक्षांशाचाही मोठा वाटा आहे. उत्तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस १५ तासांहून अधिक असतो. तेथील उंचावरील रोपवाटिकांना रनरचे विपुल उत्पादन मिळते, त्यामागे या लांब दिवसांचे बळ आहे. वाईला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर बेंगळुरूला तो तेरा तासांहूनही किंचित कमी असतो. त्यामुळे दक्षिणेकडे रोप रनर सोडते ते प्रामुख्याने उन्हाळ्याच्या उबेमुळे. थोडा गारवा येताच ते पुन्हा फुलांकडे वळते. बेंगळुरूसारख्या शहरात मातृरोपावरची फुले वारंवार का खुडावी लागतात, याचा उलगडा येथे होतो.

पाच रोपांची कहाणी

रनर मूळ रोपाचे गुण किती तंतोतंत पुढे नेतो, याचा एक बोलका दाखला स्ट्रॉबेरीच्या इतिहासातच आहे. आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील तटबंदीची पाहणी करण्याकरिता गेला होता. चिलीमध्ये त्याने अक्रोडाएवढ्या मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी पाहिली. १७१४ साली मायदेशी परतताना त्याने काही रोपे जहाजातून आणली. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या त्या अनेक महिन्यांच्या प्रवासात पाच रोपे जगली. या पाचांच्या रनरपासून फ्रान्समध्ये रोपे वाढत गेली. मात्र त्यांना फळे धरेनात.

कारण साधे होते. चिलीच्या या जातीत नर आणि मादी फुले निरनिराळ्या रोपांवर येतात आणि फ्रेझिएने आणलेली रोपे मादी होती. रनरपासून वाढविलेली त्यांची सारी संततीही साहजिकच मादीच निघाली. रोपे कितीही वाढली तरी परागकण देणारे एकही रोप त्यांत नव्हते. पुढे ब्रेस्ट बंदराच्या परिसरातील बागायतदारांनी त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी जात लावली, तेव्हा फळे धरू लागली. या दोन जातींच्या संकरातूनच आजची मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी जन्माला आली. आंत्वान निकोला द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संकराचा उलगडा केला. आज जगभर खाल्ली जाणारी स्ट्रॉबेरी त्या संकराची वंशज आहे, आणि तिची रोपे आजही मुख्यत्वे रनरनेच वाढविली जातात. गुण असो वा उणीव, रनर दोन्ही तितक्याच इमानाने पुढे पोहोचवितो, हा या कहाणीचा बोध आहे.

घाटाखाली जन्म, घाटावर संसार

भारतात स्ट्रॉबेरीची व्यापारी लागवड सर्वाधिक प्रमाणात सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर होते. ब्रिटिश अमदानीत हे फळ येथील थंड हवेत रुजले. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तथापि या फळाच्या रोपाचा जन्म बहुतांशी महाबळेश्वरला होत नाही, ही गोष्ट पर्यटकांना सहसा ठाऊक नसते.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर वसलेले असून तेथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या शेतातील गादीवाफे वाहून जातात आणि रोपांचे क्राऊन कुजतात. नेमका हाच काळ रनर वाढविण्याचा असतो. यावर शेतकऱ्यांनी शोधलेला मार्ग भूगोलाचा उत्तम उपयोग करणारा आहे. पसरणी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाई परिसरात पाऊस त्या मानाने फारच कमी असतो आणि हवाही अधिक उबदार असते. म्हणून पावसाळ्यात मातृरोपे घाटाखाली, बहुधा प्लास्टिकचे छत असलेल्या शेडमध्ये वाढविली जातात आणि पाऊस ओसरला की त्यांची लेकरे घाट चढून डोंगरावर लागवडीला जातात.

शेतकरी ज्यांना ‘मदर प्लांट’ म्हणतात, ती मातृरोपे मोठ्या प्रमाणावर परदेशातील रोपवाटिकांकडून मागविली जातात. स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन, नाबिला ही वाणांची नावे या भागात घरोघरी परिचित झालेली आहेत. मातृरोपे पुरेसे अंतर ठेवून लावली जातात, त्यांची फुले खुडली जातात आणि रनर निघू लागले की माती व कुजलेले खत भरलेल्या लहान पिशव्या त्यांच्या दोन्ही बाजूंना मांडल्या जातात. प्रत्येक बालरोप एकेका पिशवीत टेकविले जाते. मुळांनी पिशवी भरली की रनर कापून रोप वेगळे केले जाते. साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही रोपे घाटावरील गादीवाफ्यांवर लागतात आणि हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत फळांचे तोडे चालतात.

या व्यवसायाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. महाबळेश्वरच्या पद्धतीने एक एकर लागवडीस सुमारे २२,००० रोपे लागतात. अनुकूल परिस्थितीत एका मातृरोपापासून साधारण १२ ते १८ रोपे मिळतात. सरासरी १५ धरली तरी एका एकरासाठी जवळपास दीड हजार मातृरोपे सांभाळावी लागतात. मरतुकीचा हिशेब धरल्यास हा आकडा आणखी वाढतो. म्हणजेच डिसेंबरमधील एका एकराचे भवितव्य जूनमध्ये या दीड हजार रोपांच्या आरोग्यावर ठरून गेलेले असते.

रोगाचाही वारसा

मातृरोपाचे गुण लेकरात उतरतात, तसेच त्याचे रोगही उतरतात. विषाणू रोपाच्या रसातून थेट रनरमध्ये जातात. मावा ही कीड एका रोपाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते आणि शेजारच्या निरोगी रोपालाही विषाणूची लागण करते. करपा, क्राऊनकूज व मूळकूज यांची बुरशी बालरोपांबरोबर पिशवीतून नव्या शेतात पोहोचते. बुरशीवर काही अंशी औषधोपचार शक्य असतो. विषाणूग्रस्त रोप मात्र कोणत्याही फवारणीने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करणे हाच उपाय उरतो.

वरील गणित येथे उलट्या दिशेने मांडून पाहावे. दीड हजार मातृरोपांपैकी दीडशे रोगट निघाली, तर लागवडीच्या वेळी एकरातील सुमारे २,२०० रोपे पहिल्या दिवसापासूनच आजारी असतात. पुष्कळदा लक्षणे लगेच दिसत नाहीत. रोपे हिरवीगार वाटतात. पुढे मात्र पाने आक्रसतात, वाढ खुंटते आणि फळे लहान राहतात. तोपर्यंत लागवड, मल्चिंग पेपर, ठिबक व खत यांवरील सारा खर्च होऊन गेलेला असतो.

तीच ती रोपे वर्षानुवर्षे रनरने वाढवीत राहिल्यास ‘वाण थकतो’, असे शेतकरी म्हणतात. हे निरीक्षण अचूक असले तरी त्याचे कारण वेगळे आहे. प्रत्येक हंगामात शेतात उभ्या असलेल्या रोपाला एखाददुसरा विषाणू वा बुरशी गाठते आणि रनर तो संसर्ग पुढच्या पिढीला देतो. पाच-सहा पिढ्यांत हा बोजा इतका वाढतो की वाणच निकृष्ट झाल्याचा भास होतो. यावर उतारा म्हणून उतिसंवर्धनाचे तंत्र वापरले जाते. रोपाच्या शेंड्याचा अतिसूक्ष्म वाढबिंदू प्रयोगशाळेत वाढविला, तर विषाणुमुक्त रोप मिळण्याची शक्यता बरीच असते. अशा शुद्ध रोपांपासून एक-दोन पिढ्या रनर वाढवून प्रमाणित मातृरोपे तयार केली जातात.

परदेशातून येणाऱ्या रोपांबरोबर नवा रोग देशात शिरू नये, याकरिता वनस्पती संगरोधाची व्यवस्था आहे. २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयातीसाठी परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. शेतकऱ्याला हा कागदोपत्री सोपस्कार वाटला, तरी त्याच्या डिसेंबरच्या उत्पन्नाचा तो पहिला विमा आहे.

कर्जप्रकरण पाहताना

स्ट्रॉबेरीच्या शेतीत खर्च आधी आणि उत्पन्न बरेच नंतर, अशी स्थिती असते. मातृरोपे, शेड, पिशव्या आणि मजुरी यांचा खर्च पावसाळ्याच्या तोंडावर होतो. फळांचे पैसे मात्र हिवाळ्यात हाती येतात. अशा मुदतीच्या गरजेसाठीच १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड योजना सुरू झाली. प्रत्येक पिकासाठी एकरी वा हेक्टरी किती कर्ज द्यावे, याचे प्रमाण जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरविते. शेडसारख्या अनेक वर्षे टिकणाऱ्या गोष्टींचा विचार मुदत कर्जाखाली वेगळा करावा लागतो.

शाखेतील कृषी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणीस जाताना रनरचे हे शास्त्र ध्यानी ठेवल्यास त्याचे काम सोपे होते. मातृरोपे कोठून आणली आणि त्यांची पावती व प्रमाणपत्र आहे काय? ती कितव्या पिढीची आहेत? मातृरोपांवर फळे ठेवली आहेत काय? शेडमध्ये पाण्याचा निचरा कसा आहे? रोगट रोपे उपटून टाकली जातात की तशीच राखली जातात? या पाच प्रश्नांच्या उत्तरांतून पुढील हंगामाचा अंदाज येऊ शकतो. मातृरोपांवर खर्च वाचविण्यासाठी गेल्या वर्षीच्या फळे देऊन थकलेल्या शेतातूनच रनर उचलले असतील, तर ती बचत पुढे महागात पडण्याचा संभव असतो. शेतकऱ्याला हे वेळीच समजावून सांगणे हे त्याच्या आणि बँकेच्याही हिताचे आहे.

बेळ्ळंदूरच्या सज्जात

वाईच्या शेडमध्ये जे मोठ्या प्रमाणावर होते, तेच बेळ्ळंदूरच्या सज्जात चार कुंड्यांत करता येते. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हिवाळा स्ट्रॉबेरीला मानवतो. फलोद्यानविषयक जुन्या पुस्तकांत ‘बंगलोर’ याच नावाचा स्ट्रॉबेरीचा एक वाण नोंदलेला आढळतो. महाबळेश्वरच्या मानाने येथील पाऊस बराच कमी असल्याने छपराखालच्या सज्जात मातृरोपे पावसाळाभर सांभाळणेही कठीण नाही.

सर्वप्रथम मातृरोपाची निवड करावी. हिवाळ्यात ज्या रोपाला चांगली, चवदार फळे आली, ज्याची पाने डागविरहित व सपाट आहेत आणि ज्याच्यावर मावा दिसत नाही, अशा एकदोन रोपांवर फेब्रुवारीतच खूण करून ठेवावी. फळे संपल्यावर सर्वच रोपे सारखी दिसू लागतात आणि निवड चुकते. मार्चअखेर या रोपांची जुनी, वाळलेली पाने काढावीत, कुंडीत थोडे कुजलेले खत घालावे आणि यापुढे येणारे प्रत्येक फूल खुडावे. एप्रिल हा बेंगळुरूतील सर्वांत उष्ण महिना असतो. त्या काळात सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा रोपांना द्यावी.

रनर दिसू लागले की एका रोपावर चार-पाच जोमदार रनरच ठेवावेत. प्रत्येक रनरवरील पहिले, फार तर दुसरे बालरोप राखून त्यापुढील शेंडा खुडावा. साखळीतील पुढची रोपे उत्तरोत्तर लहान व अशक्त होत जातात. मातृरोपाच्या कुंडीशेजारी लहान कुंड्या किंवा पिशव्या ठेवून त्यांत कोकोपीट, गांडूळखत आणि लाल माती यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. बालरोपाचा तळ या मिश्रणावर टेकवून, इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकविलेल्या तारेने किंवा केसांच्या आकड्याने रनर हलकेच दाबून ठेवावा. तार रनरवर असावी. बालरोपाच्या क्राऊनवर नव्हे. क्राऊन मातीत गाडला गेल्यास कुजतो आणि फार वर राहिल्यास मुळे वाळतात. त्याचा तळ मातीच्या पातळीत असणे आवश्यक आहे.

लहान कुंडीतील मिश्रण सतत ओलसर ठेवावे. मात्र त्यात पाणी साचू देऊ नये. आठ-दहा दिवसांत मुळे धरू लागतात आणि चार ते सहा आठवड्यांत रोप स्वावलंबी होते. त्याची परीक्षा सोपी आहे. रोप बोटांनी अलगद वर ओढून पाहावे; ते मातीला घट्ट धरून असेल आणि मधून नवे पान उमलत असेल, तर नाळ कापण्यास हरकत नाही. कापण्याची कात्री स्वच्छ असावी. निरनिराळ्या मातृरोपांवर ती वापरताना दर वेळी स्पिरिटने पुसून घ्यावी. वेगळे केलेले रोप तीन-चार दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात आणावे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, संततधार नसेल असे दिवस पाहून, रोपे मोठ्या कुंड्यांत लावावीत. त्यांना हिवाळ्यात फळे येतात.

बेळ्ळंदूरमध्ये सर्वाधिक लक्ष पाण्याकडे द्यावे लागते. या भागातील अनेक गृहसंकुले कूपनलिकेच्या वा टँकरच्या जड पाण्यावर अवलंबून असतात आणि ते मृदू करण्यासाठी यंत्रे बसविलेली असतात. अशा यंत्रात पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडले जाते. हे पाणी साबणाला चांगले असले, तरी स्ट्रॉबेरीला घातक ठरते. कारण क्षार मुळीच न सोसणाऱ्या पिकांत तिची गणना होते. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तर रोगापूर्वी पाण्याचा संशय घ्यावा. २००९ पासून बेंगळुरूत ठरावीक आकारमानाच्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे झालेले आहे. शक्य तेथे हे साठविलेले पावसाचे पाणी कुंड्यांना द्यावे. ते उपलब्ध नसल्यास मृदुकरण यंत्रापूर्वीचे पाणी घ्यावे आणि अधूनमधून भरपूर पाणी ओतून साचलेले क्षार कुंडीच्या तळातून धुऊन काढावेत. फेसामुळे आणि फेब्रुवारी २०१७ मधील आगीमुळे देशभर चर्चेत आलेल्या बेळ्ळंदूर तलावाचे सांडपाणीमिश्रित पाणी, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या या फळाला कदापि घालू नये.

नव्या रोपाच्या कुंडीवर मातृरोपाची खूण, वाणाचे नाव आणि नाळ कापल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावण्याची सवय उपयुक्त ठरते. पुढील वर्षी कोणत्या रोपाला मातृरोप करावे आणि कोणत्या वंशाला निरोप द्यावा, याचा निर्णय त्यावरून घेता येतो. घरच्या रनरवर दोन-तीन वर्षे काढल्यावर, रोपे निरोगी दिसत असली तरी, विश्वासू रोपवाटिकेतून नवी मातृरोपे आणावीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्ट्रॉबेरीची रोपे भेट देण्याचा आनंद मोठा असतो. मात्र ज्या रोपावर किंचितही शंका असेल, त्याचा रनर कोणालाही देऊ नये. कारण रोपाबरोबर त्याचा आजारही दुसऱ्याच्या घरी जातो. निरोगी मातृरोपाचे एक लेकरू हाती ठेवले, तर घेणाऱ्याच्या सज्जात पुढील उन्हाळ्यात त्यालाही रनर फुटतील.